वगळणारी नजर

कोणतीही वस्तू शोधताना डोळ्यांपुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टी शोधणाऱ्याला नको असतात, आणि नको असलेल्या या असंख्य गोष्टी वेळच्या वेळी बाजूला सारल्या गेल्या तरच हवी ती वस्तू सापडते. हे बाजूला सारणे मेंदूत नेमके कसे घडते, हा गेल्या चार दशकांत मानसशास्त्रातील बराच वादाचा प्रश्न ठरला आहे. त्याचे स्वरूप समजून घ्यायला सातपुड्याच्या दक्षिण अंगाचा पांढुर्णा-सौंसरचा मराठीभाषक पट्टा फार सोयीचा आहे, कारण २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झालेल्या या भागातील संत्र्याच्या बगिच्यात फळ तोडणाऱ्याचे काम हाताइतकेच नजरेचेही असते.

या कामातली पहिली अडचण डोळ्याच्या रचनेतच आहे. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मध्यभागी एक लहानसा खळगा असून बारकावे टिपण्याची शक्ती मुख्यतः तिथेच एकवटलेली असते. हात लांब करून आपलाच अंगठा पाहिला तर त्याच्या रुंदीएवढाच भाग एका वेळी खऱ्या अर्थाने स्पष्ट दिसतो आणि भोवतालचे सगळे कमीअधिक अंधुक असते. त्यामुळे डोळे सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारून नवी जागा धरतात, आणि पुढची उडी कुठे मारायची हे मेंदूला त्या अंधुक भागाच्या आधारावरच ठरवावे लागते. झाडासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने फळ हे 'लक्ष्य' होय. पाने, फांद्या, पानांमधून झिरपणारे उन्हाचे कवडसे, मागच्या आकाशाचे तुकडे, वाळलेली पिवळी पाने हे सगळे 'विकर्षक', म्हणजे लक्ष दुसरीकडे ओढणारे घटक होत. एखादा विकर्षक भोवतालापेक्षा रंगाने, आकाराने किंवा हालचालीने जितका वेगळा, तितका तो 'ठळक', आणि ठळक गोष्टीकडे नजर आपोआप जाते असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा, हाच वादाचा गाभा होता.

अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी १९८० साली मांडलेल्या सिद्धांतापासून या अभ्यासाला आजचे रूप आले. लक्ष्य एकाच गुणाने वेगळे असेल, उदाहरणार्थ हिरव्यांमध्ये एकच नारिंगी, तर भोवती दहा वस्तू असोत की शंभर, ते जवळपास तितक्याच वेळात सापडते. पण लक्ष्य दोन गुणांच्या मेळाने ओळखायचे असेल, म्हणजे नारिंगी रंगाच्या आडव्या वस्तू आणि हिरव्या रंगाच्या उभ्या वस्तू यांच्या गर्दीतून नारिंगी व उभी अशी एकच वस्तू काढायची असेल, तर गर्दी वाढत जाते तसा वेळही वाढत जातो. नागपुरी संत्र्याच्या बाबतीत हा फरक झाडावरच पाहायला मिळतो. जून-जुलैत फुलणाऱ्या मृग बहाराची फळे थंडी खाऊन पुढे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडीला येतात आणि पूर्ण रंगलेली असल्यामुळे दुरूनही डोळ्यांत भरतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळे मात्र ऑक्टोबरपासून उतरू लागतात, तेव्हा रात्री पुरेशा गार झालेल्या नसल्याने सालीतील हरितद्रव्य मोडत नाही आणि आत रस भरलेले फळ बाहेरून हिरवेपिवळेच राहते. तेव्हा रंग एकटा उपयोगी पडत नाही. आकार, सालीची चमक, देठाजवळचा फुगवटा असे अनेक गुण एकत्र जुळवावे लागतात आणि त्यामुळे तोडीचा वेग साहजिकच कमी होतो.

जॉन डंकन आणि ग्लिन हम्फ्रीज यांनी १९८९ साली यात एक महत्त्वाची भर घातली. त्यांच्या मते लक्ष्य विकर्षकांसारखे दिसत असेल तर शोध अवघड होतो, आणि विकर्षक एकमेकांपासून जितके वेगळे तितका तो आणखी अवघड होतो, कारण एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टी मेंदू एका गटात बांधून एकदम सोडून देतो, तर भिन्नभिन्न गोष्टी त्याला सुट्या सुट्या नाकाराव्या लागतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांनी शोधाला लागणाऱ्या वेळेचा उपयोग उलट बाजूने करून घेतला आहे: दोन आकृतींपैकी एक दुसरीच्या गर्दीत शोधायला जितका वेळ लागतो त्याचा व्यस्तांक घेतला, तर मेंदूच्या लेखी त्या आकृतींमध्ये अंतर किती, याचे माप हाती येते. शोधाची अडचणच अशा रीतीने मोजपट्टी बनते, ही या क्षेत्रातील देखण्या कल्पनांपैकी एक म्हणावी लागेल.

खरा वाद सुरू झाला तो १९९२ साली. नेदरलँड्सचे यान ट्यूवेस यांनी प्रयोगात भाग घेणाऱ्यांना काही सारख्या आकारांमधून एकच वेगळा आकार शोधायला सांगितले. सगळे आकार हिरवे होते, मात्र काही वेळा नको असलेल्यांपैकी एक लाल केलेला असे. रंगाचा कामाशी काहीही संबंध नाही हे माहीत असूनही, लाल आकार समोर असला की उत्तर द्यायला सेकंदाचा छोटा अंश का होईना, पण अधिक लागत असे. यावरून ट्यूवेस यांनी निष्कर्ष काढला की ठळक गोष्ट माणसाच्या इच्छेला न जुमानता लक्ष ओढून घेते. त्याच वर्षी चार्ल्स फोक, रॉजर रेमिंग्टन आणि जेम्स जॉन्स्टन यांनी नेमके उलटे सांगणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले: लक्ष ओढले जाते ते आपण जे शोधत आहोत त्याच्याशी जुळणाऱ्या गोष्टीकडेच, इतर गोष्टी कितीही झगमगत असल्या तरी. दोन्ही बाजूंचे प्रयोग नीट केलेले होते आणि पुन्हा करून पाहिले तरी तेच निकाल देत होते, म्हणून कोणालाही माघार घेता येईना. हा वाद पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला.

तोडगा निघाला तो प्रश्नाची मांडणी बदलल्यावर. निकोलस गॅस्पेलिन, कार्ली लेनर्ड आणि स्टीव्हन लक यांनी २०१५ साली एक युक्ती योजली. बहुतेक फेऱ्यांमध्ये लोकांनी ठरलेला आकार शोधायचा, आणि मधूनच एखाद्या फेरीत सर्व आकारांच्या आत क्षणभर एकेक अक्षर झळकायचे. जी अक्षरे वाचता आली तेवढी सांगायची. ज्या आकारावर लक्ष आधीच पोहोचले असेल त्यातले अक्षर जास्त वेळा वाचले जाणार, हे उघड आहे. ठळक लाल आकार लक्ष ओढून घेत असेल, तर त्यातले अक्षर इतर नको असलेल्या आकारांपेक्षा अधिक वेळा सांगितले जायला हवे. तो आकार मेंदूच्या खिजगणतीतच नसेल, तर इतरांइतकेच. प्रत्यक्षात ते इतरांपेक्षाही कमी वेळा सांगितले गेले. लाल आकाराची जागा नुसती दुर्लक्षित राहिली नव्हती, मेंदूने ती मुद्दाम मागे रेटली होती. पुढे डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या तेव्हाही हेच दिसले: शोधाच्या आरंभी डोळ्यांची पहिली उडी साध्या, फिक्या विकर्षकांकडे जितक्या वेळा जाते त्यापेक्षा कमी वेळा ती त्या ठळक विकर्षकाकडे जाते. शोधायचा आकार नेमका माहीत असला की हे दडपणे चालू होते. 'जे काही वेगळे दिसेल ते' अशी ढोबळ सूचना असली की ते ढिले पडते, आणि ट्यूवेस यांच्या मूळ प्रयोगातील परिस्थिती दुसऱ्या प्रकारची होती. २०२१ साली लक, गॅस्पेलिन, फोक, रेमिंग्टन आणि ट्यूवेस या जुन्या प्रतिपक्षांनी एकत्र बसून लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला, आणि विज्ञानाच्या व्यवहारात हे वाटते तितके नित्याचे नाही.

हे दडपण्याचे काम मेंदूत चालते याचा पुरावा दोन प्रकारचा आहे. पहिला डोक्याच्या कातडीवर लावलेल्या विद्युत्-पट्ट्यांनी मिळतो. डोळ्यांपुढे डाव्या बाजूला असलेली गोष्ट मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात आणि उजवीकडची डाव्या अर्ध्या भागात नोंदली जाते, त्यामुळे दोन्ही भागांतील विद्युतदाबातला फरक मोजला की मेंदू कोणत्या बाजूच्या गोष्टीशी झटत आहे हे कळते. एखादी गोष्ट निवडली गेली की सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागानंतर एक ऋण लहर उमटते. विकर्षक दडपला गेला तर त्याउलट धन लहर उमटते, आणि क्लेटन हिकी, व्हिन्सेंट डी लोलो व जॉन मॅकडोनल्ड यांनी २००९ साली या धन लहरीचा संबंध दडपण्याशी जोडला. दुसरा पुरावा माकडांच्या मेंदूतील एकेका चेतापेशीची नोंद घेणाऱ्या प्रयोगांतून येतो. कपाळामागच्या भागात डोळ्यांची पुढची उडी ठरवणाऱ्या पेशींचा एक पट्टा आहे. जोशुआ कॉस्मन, जेफ्री शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवले की विकर्षकाकडे यशस्वीपणे दुर्लक्ष झाले असेल तेव्हा या पेशींमधली त्याची नोंद मंद होते, आणि ती आधी इथे मंद होते, दृष्टीशी संबंधित मागच्या भागात नंतर. विशेष म्हणजे ज्या पेशी विकर्षकाला दाबत होत्या त्या सर्वच लक्ष्य निवडण्यातही सहभागी होत्या. निवडणारे आणि नाकारणारे असे दोन स्वतंत्र विभाग मेंदूत असावेत, ही सहज सुचणारी कल्पना त्यामुळे निदान या पातळीवर तरी टिकत नाही.

दुर्लक्ष करण्याचा हुकूम मेंदूला देता येत नाही, ही यातली आणखी एक गंमत. जेफ मोहर आणि हॉवर्ड एगेथ यांनी २०१२ साली लोकांना शोधापूर्वी 'अमुक रंगाकडे पाहू नका' असे सांगून पाहिले, तेव्हा लोक त्या रंगाकडे आधी वळले आणि मग त्याला बाजूला सारू लागले. सुरुवातीला सूचना नसलेलीच बरी अशी परिस्थिती झाली. सरावाने मात्र जे सूचनेने साधत नाही ते साधते. बेनची वाँग आणि ट्यूवेस यांच्या २०१८ सालच्या प्रयोगात ठळक विकर्षक पडद्यावरच्या एका विशिष्ट जागी इतर जागांपेक्षा पुष्कळ जास्त वेळा येत असे. थोड्याच वेळात त्या जागी आलेला विकर्षक लोकांना फारसा त्रास देईनासा झाला. असे काही घडत आहे याची बहुतेकांना जाणीवही नव्हती. या शिकण्याची किंमतही होती, कारण लक्ष्य त्याच जागी आले तर ते सापडायला उशीर होत असे.

पांढुर्ण्यातून जाणारा नागपूर-इटारसी लोहमार्ग या निष्कर्षाचा व्यवहारातला अर्थ सांगतो. रात्री गाडी गावाजवळ येते तेव्हा समोर रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या रंगीत पाट्या, महामार्गावरच्या वाहनांचे लाल दिवे असा रंगांचा पसारा असतो आणि त्यातून चालकाला एकच सिग्नल उचलायचा असतो. भारतीय रेल्वेत चालकाला नव्या विभागावर स्वतंत्रपणे गाडी चालवू देण्यापूर्वी तो मार्ग अनुभवी चालकाबरोबर फिरून 'शिकावा' लागतो, आणि सिग्नल दिसताच चालक व सहचालक त्याचा रंग मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात. हे नियम प्रयोगशाळांतील या संशोधनाच्या कितीतरी आधीचे आहेत. तरीही मार्ग शिकणे म्हणजे सिग्नल कुठे आहेत हे जितके शिकणे, तितकेच कुठले दिवे कायमचे नाकारायचे हेही शिकणे, असा अर्थ आता त्यांना लावता येतो.

दडपण्याच्या या शक्तीला एक मर्यादा आहे, आणि ती जाम नदीच्या पात्रात दर वर्षी उघड होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो. दोन्ही काठांवरून गोट्यांचा मारा चालू असताना पांढुर्ण्याच्या बाजूने झाडापर्यंत पोहोचून झेंडा मिळवायचा, अशी ही गोटमार आहे. शेकडो लोक त्यात जखमी होतात. पळस फुलतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, भाद्रपदात त्याला नुसती पाने असतात, तेव्हा लक्ष्य म्हणून नजरेला धरायला तो एक झेंडाच असतो आणि बाकी सगळे विकर्षक: गर्दी, ढोल, आरडाओरडा आणि हवेतले दगड. पण दगड हा लाल रंगाच्या आकारासारखा स्थिर विकर्षक नव्हे. स्टीव्हन यँटिस आणि जॉन जोनिडस यांनी १९८४ साली दाखवले होते की दृश्यात अचानक नव्याने उगवलेली गोष्ट लक्ष ओढून घेते, आणि स्टीव्हन फ्रँकोनेरी व डॅनिएल सायमन्स यांनी २००३ साली त्यात भर घातली की आपल्या दिशेने येणारी, मोठी मोठी होत जाणारी आकृतीही तसेच करते. फेकलेला दगड दोन्ही गुण एकत्र घेऊन येतो. झाडाकडे धावणाऱ्याला झेंड्यावर नजर ठेवायची असते, आणि मेंदू त्याला दर दगडाला झेंड्यावरून ढळवत असतो. अंगावर येणाऱ्या वस्तूकडे दुर्लक्ष करणारा प्राणी उत्क्रांतीत टिकलाच नसता, त्यामुळे इथे दडपणे जवळजवळ बंद पडते. मात्र ढळलेले लक्षही पुरे पडत नाही. झेनॉन पिलिशिन आणि रॉन स्टॉर्म यांच्या १९८८ सालच्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की माणूस एकाच वेळी सुमारे चार-पाच हलत्या वस्तूंचाच माग ठेवू शकतो. पात्रात दगड त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि त्यातले बरेचसे डोळ्यांच्या कडेच्या अंधुक भागातून येतात. चपळाईने दगड चुकवता येतात हा खेळणाऱ्यांचा विश्वास पहिल्या चार-पाच दगडांपुरताच खरा आहे. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले होते. लोकांनी ते स्वीकारले नाहीत.

दुर्लक्ष कमी पडण्यापेक्षा ते जास्त होणे मात्र रोजच्या कामात अधिक घातक ठरते. डॅनिएल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्रिस यांच्या १९९९ सालच्या प्रयोगात चेंडूच्या फेकी मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस दिसला नाही, हे आता बऱ्याच वाचकांच्या परिचयाचे असेल. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा वो आणि जेरेमी वोल्फ यांनी फुप्फुसांच्या सीटी स्कॅनवर गाठी शोधणाऱ्या चोवीस क्ष-किरण तज्ज्ञांसमोर तशीच गोरिलाची लहान आकृती घातलेली चित्रे ठेवली, तेव्हा वीस जणांना ती दिसली नाही, यातल्या बहुतेकांची नजर थेट तिच्यावरून गेलेली असूनही. त्यांचा निष्काळजीपणा इथे शोधणे अन्यायाचे होईल, कारण पांढरट गाठी शोधायला सज्ज झालेली नजर काळ्या आकृतीला नाकारणारच.

बगिच्यात तोडलेल्या संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्याची अवस्था याच जातीची असते. आंबिया बहाराच्या फळांवर रस शोषणारा पतंग संध्याकाळनंतर बसतो आणि सालीला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडून आतला रस घेतो. छिद्राभोवती फळ सडू लागते, आणि असे एक फळ पेटीत गेले तर वाटेत शेजारची फळेही बिघडवते. ढिगासमोर बसलेल्या माणसाला ते छिद्र शोधायचे असते, आणि सालीवरचे नैसर्गिक खड्डे, कोळशीचे काळे डाग, फांदीच्या घासणीच्या खुणा हे सगळे विकर्षक वगळायचे असतात. वोल्फ, टॉड होरोविट्झ आणि नाओमी केनर यांनी २००५ साली दाखवून दिले की लक्ष्य किती वेळा समोर येते यावर चुकांचे प्रमाण अवलंबून असते: दोनपैकी एका चित्रात लक्ष्य असे तेव्हा लोकांच्या नजरेतून ते सुमारे ७ टक्के वेळा निसटले, आणि शंभरांपैकी एकाच चित्रात असे तेव्हा ३० टक्के वेळा. डोळे तेच, लक्ष्य तेच, पण बराच काळ काही सापडत नसले की मेंदू 'नाही' हे उत्तर लवकर देऊ लागतो. यावरून असे म्हणायला हरकत नाही की ज्या वर्षी पतंगाचा प्रादुर्भाव कमी, त्या वर्षी छिद्राची फळे नजरेतून निसटून बाजारात पोहोचण्याचे प्रमाण उलट वाढलेले असणार.

सौंसर तालुक्यातील बोरगाव औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापड कारखाना १९९१ पासून चालू आहे, आणि अशा कारखान्यांत तयार कापड उजेडासमोरून सरकवत त्यातले दोष डोळ्यांनी शोधण्याचे काम असते. डंकन आणि हम्फ्रीज यांचा नियम तिथे जसाच्या तसा लागू पडतो: साध्या एकरंगी विणीत तुटलेला धागा चटकन कळतो, कारण बाकीचे सगळे धागे मेंदू एकगठ्ठा सोडून देतो, तर चौकटीच्या कापडात रंगांच्या रेघाच विकर्षक बनतात. कापड काय किंवा फळ काय, दोष विरळ असला की तो निसटतो, ही अडचण मात्र दोन्हीकडे सारखी आहे. विमानतळांवर सामान तपासणाऱ्यांसाठी यावर एक उपाय रुळला आहे. यंत्र मधूनमधून पडद्यावर खोट्या शस्त्राचे चित्र खऱ्या पिशवीत मिसळून दाखवते आणि ते ओळखले की तसे लगेच कळवते, म्हणजे लक्ष्य डोळ्यांना अगदी दुर्मीळ राहत नाही. २००७ साली वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असेही आढळले की कामाच्या मधे थोडा वेळ भरपूर लक्ष्ये असलेली चित्रे दाखवून दर उत्तराला बरोबर-चूक सांगितले, तर त्यानंतर दुर्मीळ लक्ष्ये हुकण्याचे प्रमाण कमी होते. संत्र्याच्या ढिगासमोर यासाठी यंत्राची गरज नाही. आदल्या दिवशी बाजूला काढलेली पंधरा-वीस छिद्राची फळे सकाळी चांगल्या फळांत मिसळून ती पुन्हा हुडकून काढायला लावली, आणि दुपारच्या जेवणानंतर तेच एकदा केले, तरी तोच परिणाम साधता यावा.